दिशादर्शक यंत्राची शिदोरी

म्हैसूरहून तिरुमकूडलु नरसीपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर वरुणा नावाचे एक गाव आहे. गावाजवळ विस्तीर्ण तळे आहे. आणि कृष्णराजसागराचे पाणी या भागातील शेतांपर्यंत नेणारा कालवाही याच नावाने ओळखला जातो. वरुण ही पाण्याची देवता खरी. परंतु आपल्या जुन्या कल्पनेप्रमाणे तो पश्चिमेचा दिक्पालही आहे. पाणी आणि दिशा या दोहोंचे स्वामित्व ज्याच्याकडे दिले गेले, त्याचे नाव धारण करणाऱ्या या गावाच्या निमित्ताने दिशा दाखविणाऱ्या एका आधुनिक यंत्राचा विचार करणे अप्रस्तुत ठरू नये.

हिवाळ्यात म्हैसूरच्या आसमंतातील तळ्यांवर हिमालयापलीकडून पट्टकादंब हंस उतरतात. अशा पाहुण्यांची गणती करण्यासाठी पक्षिनिरीक्षकांची एक लहानशी तुकडी भल्या पहाटे वरुणेच्या तळ्याकाठी आली आहे, अशी कल्पना करावी. कोणता थवा कोठे दिसला हे अक्षांश-रेखांशांसह टिपून घेण्यासाठी त्यांच्याजवळ हातात मावणारे जीपीएस यंत्र आहे. आदल्या रात्री कोणीतरी ते घरात सापडलेल्या एका चार्जरला लावून ठेवले होते. टोक खाचेत नीट बसले होते, तांबडा दिवाही लागला होता; तेव्हा काम झाले असे समजून सर्वजण झोपी गेले. परंतु सूर्य हातभर वर आला नाही तोच यंत्राचा पडदा मंद झाला आणि थोड्याच वेळात पूर्ण काळवंडला. हंस पाण्यावर होते, दुर्बिणी डोळ्यांना होत्या, वहीही होती. पण स्थानाची नोंद मात्र त्या दिवशी होऊ शकली नाही.

या प्रसंगातील हानी फार मोठी नाही, असे कोणी म्हणेल. तथापि हेच यंत्र रात्री समुद्रावर असलेल्या मच्छिमाराच्या नौकेत असते, मेळघाटात किंवा बंदीपूरच्या रानात गस्त घालणाऱ्या वनरक्षकाच्या हाती असते, हरिश्चंद्रगडाच्या धुक्यात वाट शोधणाऱ्या गिर्यारोहकाच्या पाठपिशवीत असते. तेथे यंत्र बंद पडणे म्हणजे एक नोंद गळणे एवढेच नसते. वाट चुकणे, आणि कदाचित् त्याहूनही गंभीर काही असते. अशा वेळी दोष उपग्रहांचा नसतो आणि बहुधा यंत्राचाही नसतो. दोष असतो तो आदल्या रात्री केलेल्या निवडीचा. खाचेत बसला तो चार्जर जुळला, ही समजूतच मुळी चुकीची आहे.

वरुणेपासून फारशा दूर नसलेल्या श्रीरंगपट्टणाचा या विषयाशी एक जुना संबंध आहे. १७९९ साली टिपू सुलतानाविरुद्ध झालेल्या लढाईत इंग्रजी फौजेबरोबर विल्यम लॅम्टन नावाचा एक अधिकारी होता. रात्रीच्या काळोखात कूच करणारी तुकडी शत्रूच्या बाजूला चालली आहे, हे त्याने केवळ ताऱ्यांकडे पाहून ओळखले, अशी कथा सांगितली जाते. श्रीरंगपट्टण पडल्यानंतर म्हैसूरच्या मुलुखातच त्याने मोजणीच्या कामाचा पाया घातला, आणि १८०२ साली मद्रासजवळ आधाररेषा मोजून त्या प्रचंड त्रिकोणमितीय सर्वेक्षणास प्रारंभ केला. त्याचे कोन मोजण्याचे यंत्र, म्हणजे थिओडोलाइट, सुमारे अर्धा टन वजनाचे होते. ते वाहून न्यायला माणसांचा तांडा लागे. पण त्याला विजेचा घोट लागत नसे. आजचे यंत्र तळहातावर मावते, आकाशातील कृत्रिम ताऱ्यांकडून आपले स्थान काही क्षणांत जाणून घेते. मात्र त्याची सारी विद्या एका लहानशा बॅटरीवर अवलंबून असते. बॅटरी रिकामी झाली की ते यंत्र आणि एखादा गोटा यांत फरक उरत नाही.

या यंत्राला वीज कशासाठी लागते, हे आधी पाहिले पाहिजे. जीपीएस ही अमेरिकेने उभारलेली व्यवस्था १९९५ साली पूर्णपणे कार्यान्वित झाली. तिचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. भारतानेही २०१३ ते २०१६ या काळात स्वतःच्या नाविक या व्यवस्थेचे सात उपग्रह आकाशात सोडले. त्यांच्या कामात कर्नाटकातील हासन आणि बंगळूरजवळचे ब्यालालू येथील केंद्रांचा मोठा वाटा आहे. हातातील यंत्र या उपग्रहांना काही पाठवीत नाही. ते फक्त ऐकते. परंतु इतक्या दुरून येणारा संकेत अतिशय क्षीण असतो. तो गोंगाटातून वेगळा काढावयाचा, अनेक उपग्रहांच्या संकेतांना लागलेला वेळ ताडून पाहावयाचा आणि त्यावरून क्षणोक्षणी स्थानाचे गणित सोडवावयाचे, हे काम विजेवाचून होत नाही. त्यात उजळ पडद्याची भर पडते. आणि पुष्कळदा सर्वांत मोठा खादाड तोच असतो. गंमत अशी की, आकाशातील उपग्रहही बॅटरी बाळगतात. कारण पृथ्वीच्या सावलीतून जाताना त्यांच्या सौर पत्र्यांना ऊन मिळत नाही. एवंच वर काय आणि खाली काय, शिदोरीवाचून प्रवास नाही.

आता चार्जर या शब्दाकडे वळावे. भिंतीवरील खुंटीला आपण जी लहानशी डबी लावतो तिला सर्वजण चार्जर म्हणतात. वस्तुतः ती पुष्कळदा चार्जर नसतेच. घरातील २३० व्होल्टची, दिशा पालटणारी वीज घेऊन तिचे ५ व्होल्टच्या, एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेत रूपांतर करणे, एवढेच तिचे काम. बॅटरीत वीज केव्हा, किती आणि कोठवर भरावयाची याचा निर्णय यंत्राच्या पोटात असलेले एक छोटेसे मंडल करीत असते. खरा चार्जर तो. बाहेरची डबी ही धान्याचे पोते दारापर्यंत आणून देणाऱ्या हमालासारखी आहे. कोठारात किती धान्य घ्यावयाचे हे घरातील कारभारी ठरवितो. परंतु बॅटरी यंत्रातून बाहेर काढून वेगळ्या खाचेत भरण्याची पद्धत असेल, तर तेथे बाहेरचा चार्जर हाच कारभारी होतो, आणि त्याची निवड कितीतरी अधिक काळजीने करावी लागते. या दोन प्रकारांची गल्लत झाली की पुढचे सारे हिशेब चुकतात.

म्हणून पहिला प्रश्न बॅटरीच्या जातीचा. सध्याच्या बहुतेक यंत्रांत लिथियम-आयन जातीची बॅटरी असते. ही बॅटरी घडविण्यात स्टॅन्ली व्हिटिंगहॅम, जॉन गुडइनफ आणि अकिरा योशिनो यांचा वाटा मोठा होता. त्याबद्दल त्यांना २०१९ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. १९९१ साली ती प्रथम बाजारात आली. तिच्या एका घटाचा सर्वसाधारण दाब ३.६ किंवा ३.७ व्होल्ट असतो, आणि भरताना तो साधारणतः ४.२ व्होल्टपर्यंत नेला जातो. येथे थांबणे अत्यावश्यक आहे. त्यापुढे वीज रेटली तर आतील रसायन बिघडते, वायू तयार होतो, घट फुगतो, आणि प्रसंगी पेटही घेतो. म्हणून तिच्या चार्जरला दोन पायऱ्यांनी काम करावे लागते. प्रथम ठरावीक प्रवाह सोडून घट भरत न्यावयाचा; आणि दाब मर्यादेला टेकला की तो तेथेच स्थिर धरून प्रवाह हळूहळू कमी होऊ द्यावयाचा. घागर तोंडाशी आली की पाणी ओतणारा हात आपोआप सैल करतो, त्यातलाच हा प्रकार. म्हणूनच बॅटरीचा पहिला मोठा भाग झपाट्याने भरतो आणि शेवटचा थोडासा भाग वेळ खातो.

दुसरी जात निकेल-मेटल-हायड्राइडची. डोंगरात फिरणाऱ्यांची कित्येक जीपीएस यंत्रे बाजारात मिळणाऱ्या दोन पेन्सिल सेलवर चालतात. हे सेल पुन्हा भरण्याजोगे असतील तर ते बहुधा याच जातीचे असतात. त्यांचा दाब १.२ व्होल्ट असतो. त्यांना भरण्याची रीत मात्र लिथियमच्या रीतीहून अगदी निराळी आहे. सेल पूर्ण भरला की त्याचा वाढत चाललेला दाब किंचित खाली येतो आणि सेल तापू लागतो. चांगला चार्जर ही खूण ओळखून वीज तोडतो. साधा चार्जर ती ओळखू शकत नाही आणि रात्रभर सेल भाजत ठेवतो. म्हणून अशा सेलसाठी प्रत्येक सेलची स्वतंत्र पारख करणारा आणि भरल्यावर स्वतःहून थांबणारा चार्जर घ्यावा. दोन सेल एकत्रच भरणाऱ्या स्वस्त चार्जरात एक सेल उपाशी आणि दुसरा अजीर्णाने त्रस्त, असा प्रकार होतो.

या दोन जातींची अदलाबदल कधीही करू नये. निकेलच्या चार्जरात लिथियमचा घट घालणे म्हणजे आगीशी खेळ आहे. तसेच दुकानात सर्वत्र मिळणारे साधे अल्कलाइन सेल पुन्हा भरण्यासाठी नसतातच. त्यांना चार्जरात घातले तर ते गळतात, कधी फुटतातही. आणखी एक बारकावा पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. पेन्सिल सेलवर चालणाऱ्या यंत्रात सेलची जात कोणती हे सांगण्याची सोय असते. अल्कलाइन सेलचा दाब १.५ व्होल्ट, तर भरण्याजोग्या सेलचा १.२ व्होल्ट. जात चुकीची सांगितली तर यंत्र शिल्लक शिदोरीचा चुकीचा अंदाज दाखविते. मग भरलेला सेलही अर्धा रिकामा दिसतो, किंवा पुष्कळ शिल्लक आहे असे वाटत असतानाच यंत्र मध्येच डोळे मिटते.

जात निश्चित झाल्यावर दोन आकडे पाहावयाचे: व्होल्ट आणि अँपिअर. उंचावरील पाण्याच्या टाकीची उपमा येथे उपयोगी पडेल. टाकी जितकी उंच तितका पाण्याचा दाब अधिक. तो दाब म्हणजे व्होल्ट. नळातून दर क्षणी वाहणारे पाणी म्हणजे अँपिअर. व्होल्टच्या बाबतीत तडजोड नाही. यंत्रावर ५ व्होल्ट असे छापले असेल तर बाहेरच्या डबीवरही ५ व्होल्टच असले पाहिजेत. जुन्या यंत्रांच्या गोल टोकांच्या डब्या दिसावयास सारख्या असतात. पण एखादी ५ व्होल्टची, दुसरी ९ ची, तिसरी १२ ची असते. शिवाय कोणाचे धन टोक आत, तर कोणाचे बाहेर. तेथे टोक बसले म्हणून लावून पाहणे यंत्राच्या जिवावर बेतते.

अँपिअरचे मात्र तसे नाही. डबीवर लिहिलेला अँपिअरचा आकडा म्हणजे ती देऊ शकेल त्याची कमाल मर्यादा. यंत्र आपल्याला हवे तेवढेच घेते. १ अँपिअर घेणाऱ्या यंत्राला २ अँपिअरची डबी लावल्याने काही बिघडत नाही; मोठ्या विहिरीवर लहान घागर घेऊन गेल्याने घागर फुटत नाही. उलट १ अँपिअर घेणाऱ्या यंत्राला अर्ध्या अँपिअरची डबी लावली, तर भरण्यास दुप्पट वेळ लागतो आणि डबी बिचारी तापून निघते.

वरुणेच्या काठी जे घडले त्याचा हिशेब आता मांडता येतो. बॅटरी ३,००० मिलिअँपिअर-तासांची आहे असे धरू. १ अँपिअर म्हणजे १,००० मिलिअँपिअर. तेव्हा त्या प्रवाहाने ती भरण्यास तीन तास, आणि शेवटची संथ चाल धरून त्याहून थोडे अधिक लागतील. पण संगणकाच्या जुन्या यूएसबी खाचेतून अधिकृतपणे ५०० मिलिअँपिअरच मिळतात, आणि कित्येक जुन्या डब्यांची मजलही तेवढीच असते. तेथे सहा तासांहून अधिक वेळ लागेल. रात्री अकराला लावलेले यंत्र पहाटे तीनला काढले, तर चार तासांत फार तर २,००० मिलिअँपिअर-तास पदरात पडतील. आणि यंत्र चालूच ठेवून चार्जिंगला लावले असेल, तर त्यातूनही पडदा आणि संकेतग्रहण आपला वाटा काढून घेतील. तांबडा दिवा हा वीज येत असल्याची खूण आहे. ती पुरेशी आली याची पावती नव्हे.

या हिशेबात आणखी एक गळती असते, ती तारेची. तार ही केवळ दोरी नव्हे. तिच्या आतील तांबे बारीक असेल आणि लांबी फार असेल, तर वाटेतच दाब खर्ची पडतो. तारेचा एकंदर रोध पाव ओहम असेल आणि तिच्यातून २ अँपिअर वाहत असतील, तर अर्धा व्होल्ट तारेतच नाहीसा होतो. ५ व्होल्ट निघाले तरी यंत्राला साडेचारच पोहोचतात. मग यंत्रातील कारभारी प्रवाह आखडता घेतो, किंवा भरणेच थांबवितो. म्हणून आखूड आणि जाड तार घ्यावी. शिवाय काही तारा केवळ वीज वाहतात, तर काही माहितीही वाहतात. कित्येक जीपीएस यंत्रे माहितीची तार जोडताच आपण संगणकाला लागलो आहोत असे समजतात आणि वाट दाखविण्याचे काम थांबवितात. मोटारीत चालू स्थितीत भरावयाचे असेल, तर उत्पादकाने त्यासाठी नेमून दिलेली तारच वापरणे श्रेयस्कर.

अलीकडे टाइप-सी या एकाच टोकाकडे जगाचा ओढा आहे. युरोपीय संघात डिसेंबर २०२४ च्या अखेरीपासून अनेक लहान यंत्रांना ते सक्तीचे झाले आहे. या पद्धतीत डबी आणि यंत्र यांच्यात प्रथम बोलणे होते. डबी आरंभी ५ व्होल्टच देते. यंत्राने मागितले तरच ९, १५ किंवा २० व्होल्टपर्यंत चढते. त्यामुळे मांडीवरील संगणकाची ६५ वॅटची प्रमाणित डबी लहान जीपीएस यंत्राला लावली तरी भय नाही. ते यंत्र मोठा दाब मागतच नाही. मात्र काही स्वस्त यंत्रांत हे बोलणे करणारे भाग नीट बसविलेले नसतात. अशी यंत्रे दोन्ही बाजूंना टाइप-सी असलेल्या तारेवर भरतच नाहीत. एका बाजूला जुने चपटे टोक असलेल्या तारेवर मात्र सुरळीत भरतात. यंत्र बिघडले असा निष्कर्ष काढण्यापूर्वी तार बदलून पाहावी.

प्रवासात घरची खुंटी नसते. मोटारीत १२ व्होल्टची व्यवस्था असते, इंजिन चालू असता ती १४ व्होल्टच्या जवळपास जाते. मालमोटारींत पुष्कळदा २४ व्होल्ट असतात. म्हणून मालमोटारीत वापरावयाच्या जोडणीवर १२ ते २४ व्होल्ट असे स्पष्ट लिहिलेले असावे. इंजिन सुरू करण्याच्या क्षणी दाब एकदम खाली-वर होतो. तेव्हा आधी इंजिन सुरू करून मग यंत्र जोडणे ही चांगली सवय आहे.

डोंगरात आणि रानात पॉवर बँक ही सोबतीण ठरते. पण तिच्या अंगावरील आकडा भाबडेपणाने वाचू नये. १०,००० मिलिअँपिअर-तास हा आकडा तिच्या आतील ३.७ व्होल्टच्या घटांचा असतो. त्याचे ऊर्जेत रूपांतर केले तर ३७ वॅट-तास होतात. बाहेर देताना दाब ५ व्होल्टवर चढवावा लागतो; म्हणजे ७,४०० मिलिअँपिअर-तास उरतात, आणि रूपांतरातील घट वजा जाता हाती साडेसहा हजारांच्या आतबाहेर येतात. २,००० मिलिअँपिअर-तासांचे यंत्र त्यातून पाच वेळा नव्हे, सुमारे तीन वेळा भरेल. पाच दिवसांच्या भ्रमंतीची आखणी करणाऱ्याने हा फरक घरीच जाणावा, चौथ्या दिवशी कड्यावर नव्हे. विमानप्रवासात पॉवर बँक सामानाच्या पेटीत न ठेवता स्वतःजवळच ठेवावी लागते, आणि १०० वॅट-तासांहून मोठी असल्यास विमान कंपनीची अनुमती लागते. सौर पत्र्याने भरावयाचे असेल, तर ढग आल्यागेल्याबरोबर वीज कमीअधिक होते. तेव्हा दिवसा पत्र्याने पॉवर बँक भरावी आणि रात्री तिच्यातून यंत्र भरावे, हा मार्ग सोयीचा.

ऋतुमानाचाही विचार हवा. लिथियमची बॅटरी शून्य अंशाखाली भरू नये. त्या थंडीत लिथियम घटाच्या आत पुटासारखा साचतो आणि बॅटरीची कायमची हानी होते. हिमालयात जाणाऱ्याने यंत्र रात्री अंथरुणात, अंगाच्या उबेत ठेवावे आणि ऊब आल्यावरच भरावे. दुसऱ्या टोकाला, ४५ अंशांपलीकडेही भरणे टाळावे. विदर्भातील वैशाखात बंद मोटारीच्या काचेखाली ठेवलेले यंत्र ही मर्यादा सहज ओलांडते. सह्याद्रीच्या पावसात खाच ओली झाली असेल तर ती पूर्ण वाळेपर्यंत तार लावू नये. यंत्र बरेच दिवस वापरावयाचे नसेल, तर बॅटरी पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी न ठेवता निम्म्याच्या आसपास भरून थंड जागी ठेवावी. बॅटरी पूर्ण संपल्याशिवाय भरू नये, ही समजूत जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीच्या काळातील आहे. लिथियमला थोडे थोडे खाणेच मानवते.

राहता राहिला सुरक्षिततेचा प्रश्न. बाजारात नामांकित वस्तूंच्या हुबेहूब नकला मिळतात. डबी फोडून पाहिल्याशिवाय आतला भेद दिसत नाही; आणि तो भेद असा की, २३० व्होल्टची बाजू आणि हातात येणारी ५ व्होल्टची बाजू यांच्यामध्ये जे भक्कम अंतर व विलगीकरण हवे, तेथेच काटकसर केलेली असते. अशी डबी एखादे दिवशी खुंटीवरची वीज सरळ यंत्रापर्यंत आणि यंत्र धरणाऱ्या हातापर्यंत पोहोचवू शकते. भारतात अशा डब्यांना भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी आवश्यक आहे. डबीवर मानकाचा आयएस क्रमांक आणि आर या अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक छापलेला असतो. ब्यूरोच्या बीआयएस केअर या मोबाइल अ‍ॅपवर तो खरा की खोटा हे ताडून पाहता येते. विकत घेताना एवढी तसदी घेणारे थोडे असतात. पण शे-दोनशे रुपये वाचविताना पणाला काय लागते, याचा विचार अवश्य व्हावा.

फुगलेली बॅटरी हा तर स्पष्ट इशाराच समजावा. यंत्राचे झाकण उचललेले दिसले, गोड-उग्र वास आला किंवा हात लावता येणार नाही इतकी उष्णता जाणवली, तर चार्जिंग तत्काळ थांबवावे. तिला टोचू नये, दाबून सपाट करू नये, घरातील केरातही टाकू नये. २०२२ सालच्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरून झालेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची आणि त्यांच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर टाकण्यात आली आहे. ती अधिकृत संकलन केंद्राकडे देणे, एवढेच नागरिकाचे काम उरते.

हे सारे ऐकून एखाद्याला वाटेल की, एका लहानशा डबीसाठी एवढे शास्त्र कशाला? परंतु व्यवहारात ते फार थोडक्यात आटोपते. बॅटरीची जात वाचावी. व्होल्ट तंतोतंत जुळवावे. अँपिअर तेवढे किंवा अधिक असू द्यावे. तार आखूड व जाड घ्यावी. नोंदणीची खूण पाहावी. आणि निघण्याच्या आदल्या रात्री केवळ दिव्यावर विश्वास न ठेवता यंत्र सुरू करून शिल्लक शिदोरी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी. त्याबरोबरच खिशात साधे होकायंत्र आणि कागदी नकाशा ठेवणाऱ्याला कोणी मागासलेला म्हणू नये. होकायंत्राला चार्जर लागत नाही.

म्हैसूरच्या मुलुखात ज्याच्या मोजणीचा पाया घातला गेला, तो लॅम्टन आपली रेषा उत्तरेकडे नेत नेत वीस वर्षांनी महाराष्ट्रापर्यंत आला. १८२३ सालच्या जानेवारीत आजच्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे, काम अर्धे असतानाच, त्याचा अंत झाला. त्याची समाधी तेथेच आहे. त्याने जे अंतर दोन दशकांत मोजले, त्याची दोन्ही टोके आजचा शाळकरी मुलगाही तळहातावरील यंत्रात क्षणार्धात पाहू शकतो. साधने हलकी झाली, कष्ट कमी झाले. पण आधाररेषा मोजण्यापूर्वी आपली साखळी पुनःपुन्हा तपासून घेणारी जी वृत्ती त्या जुन्या मोजणीदारांच्या अंगी होती, तिची गरज मात्र कमी झालेली नाही. वरुणेच्या तळ्यावर पुढील हिवाळ्यात हंस पुन्हा उतरतील. त्या पहाटे काठावरील यंत्र जागे राहील की नाही, हे आदल्या रात्री भिंतीच्या खुंटीपाशीच ठरलेले असेल.